वर जाणारी गाडी

दाजींनी गाडी आणली ती ओढून. पुढे पाटबंधारे खात्याचा ट्रॅक्टर, त्याला बांधलेली ट्रॉली आणि ट्रॉलीमागे लोखंडी साखळीला ती जुनी चौकोनी फोर-व्हील. स्टिअरिंगवर स्वतः दाजी ताठ बसलेले, जणू गाडी त्यांच्याच जोरावर चालली आहे. ट्रॉलीत ताडपत्रीखाली एक लांबलचक धूड होतं. मिस्त्रीने ताडपत्रीचं टोक उचललं आणि त्याच्या तोंडून नकळत शीळ निघाली.

"सहा सिलिंडर," दाजी म्हणाले. "बसेल ना, मेहुणे?"

गल्लीत सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. फक्त थोरली बहीण अजून बाळ्या म्हणायची. त्याची चाळिशी उलटली आणि डोक्यावरचे निम्मे केस पाठ दाखवून पळून गेले, तरी तिच्या लेखी तो बाळ्याच. दाजी हे तिचे यजमान. ते कायम मेहुणे म्हणत, अहोजाहो करत आणि आवाज कधी चढवत नसत. त्यांच्याशी बोलताना मिस्त्री हात पुसून उभा राहायचा. बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणायची त्याच्या घरात पद्धत नव्हती आणि आजवर तशी वेळही आली नव्हती.

"बसेल," तो म्हणाला. "पण जागा करावी लागेल. जुनं इंजिन आखूड आहे. एवढं मोठं कशाला घालताय?"

"वर जायचंय. तलावावर."

मग त्यांनी सांगितलं. डोंगरमाथ्यावरच्या तलावाचा राखणदार म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. रोज सकाळी पाण्याची पातळी बघायची, वायरलेसवरून खाली आकडा कळवायचा आणि सांगतील तेव्हा दरवाजे उघडायचे, एवढंच काम. राहायला दोन खोल्यांचं दगडी क्वार्टर. वर ना वस्ती, ना दुकान, ना फोनला रेंज. रस्ता म्हणजे नुसता दगडांचा उतार. खात्याचा ट्रॅक्टरही अर्ध्यावर थांबायचा आणि पावसाळ्यात तर सगळंच बंद. ही जागा कुणालाच नको असायची. दाजींनी ती मागून घेतली होती.

"आधीचा राखणदार एकटा राहायचा," ते म्हणाले. "मी सहकुटुंब राहणार आहे."

मिस्त्रीने मान हलवली. त्याचं अर्धं लक्ष इंजिनावर होतं.

कामाला लागला आणि तो खुळावलाच. असं काम रोज येत नाही. एरवी कुणाचा क्लच, कुणाचा फुटका सायलेन्सर, हेच चालायचं. त्याने जुनं इंजिन चेन-ब्लॉकने उचलून बाहेर काढलं, रिकामी पोकळी मोजली आणि कोपराएवढी जागा कमी पडते असं पाहिल्यावर उलट त्याला आनंदच झाला. रेडिएटर पुढे सरकवला. इंजिन आणि ड्रायव्हरचे पाय यांच्यामधला पत्रा कापून मागे घेतला. नव्या इंजिनाचं ऑइलचं चेंबर खाली पुढच्या ॲक्सलच्या गोळ्याला टेकत होतं, म्हणून तेही कापून एका बाजूने उथळ केलं आणि पुन्हा वेल्ड केलं. इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांची भोकं जुळत नव्हती, तर मधली जाड प्लेट लेथवर स्वतः काढली. पुढच्या स्प्रिंगांना एकेक पाटा वाढवला. जेवायला बसला तरी बोटाने ताटात रेघा ओढायचा.

"माझ्याकडे कधी असं बघितलं नाहीत," बायको म्हणाली.

"तुझं चेंबर कुठे अडतंय," तो म्हणाला आणि तिने त्याच्या ताटातली पोळी काढून घेतली.

दाजी रोज यायचे. दाराशी खुर्ची ओढून बसायचे आणि बघायचे. मध्ये बोलायचे नाहीत, घाईही करायचे नाहीत. तो पान्हा शोधू लागला की तो कुठे पडलाय हे दाजींनी आधीच पाहिलेलं असायचं. ते बोटाने दाखवायचे. पहिल्यांदा त्याला ती मदत वाटली. नंतर पाठीला ते बघणं लागायला लागलं. शर्टात गवताची काडी गेल्यासारखं, झटकलं तरी जाणवतच राहणारं.

एका दुपारी दाजी खात्यात गेले होते तेव्हा ताई आली. चिमणी, म्हणजे तिची पाच वर्षांची लेक, बोटाला होती. ताईने गाडीभोवती एक फेरी मारली आणि बॉनेटवर हात ठेवला. मिस्त्रीला वडिलांची लॉरी आठवली. लाकडाने भरलेली ती लॉरी ताई सोळाव्या वर्षी मागे घ्यायची, आणि एकदा फाटकाचा खांब वाकवून वर वडिलांनाच म्हणाली होती की खांब चुकीच्या जागी आहे.

"झालं का रे काम?" तिने विचारलं.

"होत आलंय. बघ तरी, काय बसलंय ते. कसलाही चढ दे, थांबणार नाही."

"बाळ्या, लांबव."

त्याला वाटलं, त्याने नीट ऐकलं नाही.

"काम लांबव," ती म्हणाली. "पाऊस लागेपर्यंत ओढ. पाऊस लागला की रस्ता बंद होतो. मग खातं दुसरा माणूस नेमेल."

"का? झालंय काय?"

ताईने चिमणीला अंगणातल्या टायरवर चढून खेळायला पाठवलं. मग ती बोलू लागली, पण काय झालं ते तिला धड सांगताच येईना. मारत नाहीत, ती म्हणाली. ओरडत नाहीत. आधी गाडी चालवणं सुटलं, कारण त्यांना काळजी वाटायची. मग शिवायला कपडे घेऊन बायका घरी यायच्या त्या बंद झाल्या, कारण त्यांचं डोकं दुखायचं. मग फोन बिघडला आणि दुरुस्तीला गेला तो गेलाच. मी कुठे जाते, कुणाशी बोलते, किती वेळ बोलते, हे मी सांगायच्या आधी त्यांना ठाऊक असतं.

"आता वर नेतायत," ती म्हणाली. "तिथे मी गेले ना, बाळ्या, तर मी आहे की नाही हे फक्त त्यांनाच माहीत असेल."

इतक्या वर्षांत सणासुदीला आली की ती गप्प दिसायची. मिस्त्रीला वाटायचं, वय झालं, संसारात मुरली. त्याचं त्यालाच बरं वाटेना.

त्याने काम लांबवलं. मधल्या प्लेटला तडा गेला म्हणून सांगितलं. हेडचं गॅस्केट कुठेच मिळत नाही म्हणून सांगितलं. दाजींनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते गॅस्केट घेऊन आले, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेलं. तडा गेलेली प्लेट बघायला मागितली. मिस्त्री म्हणाला, भंगारात टाकली. दाजी उठले, मागच्या भंगाराच्या ढिगाशी जाऊन जरा वेळ उभे राहिले आणि परत येऊन खुर्चीत बसले.

मग एके दिवशी त्यांनी दोन किरकोळ कामं सांगितली.

"शेजारच्या सीटचं दार आतून उघडायला नको. हँडल काढून टाका. चिमणी मांडीवर असते, रस्ता धक्क्यांचा आहे."

"बरं."

"आणि करंट तोडायचा एक स्विच बसवा. लपवून. चावी लावली तरी गाडी सुरू होता कामा नये. कुठे बसवला ते फक्त मला सांगा. चोरीची भीती असते."

मिस्त्रीने दोन्ही कामं केली. अशी कामं लोक सांगतच असतात. स्विच त्याने सीटखाली, बॅटरीच्या पेटीमागे बसवला. संध्याकाळी जेवताना सहज बायकोला सांगितलं, तेव्हा तिचा घास हातातच राहिला.

"वर वस्ती नाही म्हणता ना?" तिने विचारलं.

"नाही."

"मग तिथे गाडी चोरणार कोण?"

मिस्त्रीने हातातली पोळी खाली ठेवली. त्या माथ्यावर गाडी चालवू शकेल असं दाजींखेरीज एकच माणूस असणार होतं. इतके दिवस तो जिला गाडी समजून जीव लावून घडवत होता, तिच्या दाराचं आतलं हँडल त्याने स्वतःच्या हाताने काढलं होतं.

ताई पुन्हा आली तेव्हा त्याने तिला बाजूला घेतलं. "स्विच कुठे आहे ते सांगतो. नीट ध्यानात ठेव."

"नको," ती झटकन म्हणाली. "सांगू नकोस."

"अगं, वेळ आली तर—"

"मला माहीत आहे हे त्यांना माझ्या तोंडावरून कळेल. मग ते स्विच बदलतील, आणि तू सांगितलंस हेही त्यांना कळेल. मला काही सांगू नकोस, बाळ्या. मला काही माहीत नसलेलंच बरं असतं."

हे ती इतक्या सरावाने म्हणाली की तोच शहारला.

इंजिन बसलं. त्याने गाडी दगडांच्या वखारीमागच्या टेकाडावर नेऊन पाहिली. दाजी शेजारी होते. आतून न उघडणारं ते दार त्यांनीच ओढून लावून घेतलं होतं. टेकाड उभं होतं, जुन्या इंजिनाने तिथे हाय खाल्ली असती. हे सहा सिलिंडरचं धूड मात्र न ओरडता, न धापता, एका सुरात चढत गेलं. मिस्त्रीच्या हाताखाली स्टिअरिंग हललंसुद्धा नाही. एरवी त्याने असं काम साऱ्या गल्लीला दाखवलं असतं. आता त्याने वर पोचताच इंजिन बंद केलं.

"उत्तम," दाजी म्हणाले. "उद्या सकाळी निघतो. हिला आणि सामानाला इकडेच घेऊन येतो."

सकाळी ते आले. हातगाडीवर ट्रंका, गाद्या, धान्याची पोती, ताईचं शिवणयंत्र. मागून ताई, चिमणीला कडेवर घेऊन. मिस्त्री गॅरेजच्या दारात उभा होता. त्याच्या मागे चेन-ब्लॉकच्या साखळीला इंजिन लटकत होतं, तेल ठिबकत होतं आणि खाली गाडी तोंड उघडं टाकून बसली होती.

दाजींनी इंजिनाकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"हे काय, मेहुणे?"

"इंजिन काढलं."

"काल बसलं होतं ना?"

"काल बसलं होतं. आज काढलं."

"काही बिघाड?"

मिस्त्रीच्या जिभेवर बिघाड तयार होते. चेंबर गळतंय, क्लच घसरतोय, माउंटिंगचं वेल्ड सुटलंय. पहाटेपासून त्याने ते घोकले होते. पण समोर तो शांत चेहरा बघितला आणि त्याच्या लक्षात आलं की यातलं काहीही बोललो तर हा माणूस उद्या तेही वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन येईल.

"बिघाड काही नाही," तो म्हणाला. "ताईला वर न्यायला मी गाडी करून देणार नाही."

गल्लीत कुठेतरी पत्र्यावर हातोडी पडत होती, ती तेवढी ऐकू येत होती. दाजी वळले. त्यांनी ताईकडे बघितलं, अगदी सौम्यपणे.

"हे तू याला सांगितलंस?"

"तिने काही सांगितलं नाही," मिस्त्री घाईने म्हणाला. "माझं मीच—"

"हो," ताई म्हणाली. "मी सांगितलं."

तिचा आवाज फुटला होता, पण शब्द स्पष्ट होते. तिने चिमणीला खाली ठेवलं आणि हातगाडीवरच्या शिवणयंत्राला हात घातला.

"सामान उतरवू नको," दाजी म्हणाले.

ती थांबली. मिस्त्रीला वाटलं, संपलं. मग आतून त्याची बायको आली. पदर खोचलेला, हात पिठाने भरलेले. तिने कुणाकडे बघितलं नाही, काही विचारलं नाही. यंत्राची दुसरी बाजू धरली आणि म्हणाली, "उचला, ताई." दोघींनी यंत्र उचललं आणि आत नेलं. मग ट्रंक. मिस्त्री त्यांना वाट देऊन पुन्हा दारात उभा राहिला.

दाजींनी हात उगारला नाही. शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या.

"ठीक आहे," ते म्हणाले. "राहू दे थोडे दिवस माहेरी." जणू रजा त्यांनीच मंजूर केली होती.

दुपारी ट्रॅक्टर आला आणि गाडी, इंजिन, सगळं ओढून घेऊन गेला.

शहराच्या दुसऱ्या टोकाला दुसरा मेकॅनिक होता. कापाकापी आणि प्लेट मिस्त्रीने करून ठेवलीच होती, त्याला फक्त बसवायचं होतं. थोड्याच दिवसांत दाजी वर राहायला गेले, एकटे. आणि बाजारहाटाला खाली आले की परत जाताना गाडी या गल्लीत आणायचे. गॅरेजच्या समोर, रस्त्यापलीकडे थांबायचे. इंजिन चालूच. उतरायचे नाहीत, हाक मारायचे नाहीत. शेजारच्या रिकाम्या सीटचं दार गॅरेजच्या बाजूला असायचं. जरा वेळाने निघून जायचे.

पहिल्यांदा ताईने चिमणीला ओढून आतल्या खोलीत नेलं आणि दाराला पाठ लावून बसली. मिस्त्री पोलिसांत गेला तर हवालदार म्हणाला, रस्त्यावर गाडी उभी करणं हा काही गुन्हा नाही. पुढे पुढे ताई आत जायची बंद झाली. तिने यंत्र दाराशी मांडलं होतं आणि गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायला घेतली होती. समोर गाडी उभी राहिली की तिचे हात थांबायचे, एवढंच.

पावसाच्या तोंडावर ते आले तेव्हा मिस्त्रीला इंजिनात एक ठोका ऐकू आला. बारीक, पण नेमाने पडणारा. तो ऐकत उभा राहिला. रेडिएटर पुढे सरकवल्यावर पाण्याची वाट बदलते, तो हिशेब त्या दुसऱ्या मेकॅनिकने धरलेला नव्हता. शेवटचा सिलिंडर, पत्र्याला लागून असलेला, पाण्यापासून सगळ्यात लांब. तो तापत होता.

"काय झालं?" ताईने विचारलं. तिला भावाचा चेहरा कळत होता.

"इंजिन मरायला टेकलंय. या खेपेला चढावर जाम होईल. आणि ब्रेक जुनेच आहेत, पुढचं वजन वाढलंय. चढावर बंद पडली तर मागे घसरेल."

न सांगणं फार सोपं होतं. कुणाला कधी कळलंही नसतं.

"जा, सांग त्यांना," ताई म्हणाली.

"सांगू?"

"नाही सांगितलंस तर तो ठोका मी जन्मभर ऐकत बसेन. मला त्यांचं आणखी काही डोक्यात ठेवायचं नाही."

मिस्त्री रस्ता ओलांडून गेला. खिडकीशी वाकून त्याने सगळं सांगितलं. गाडी इथे सोडा, मी पाण्याची वाट नीट करून देतो, हेही म्हणाला. दाजी ऐकत होते, ओठांवर किंचित हसू.

"मेहुणे," ते म्हणाले, "गॅस्केट मिळत नाही म्हणालात. प्लेटला तडा गेला म्हणालात. आता हे." त्यांनी गिअर टाकला. "मी येतच राहीन. तिला सांगा."

गाडी ट्रॅक्टरवाल्याला दुसऱ्या दिवशी सापडली, चढाच्या अरुंद वळणावर. मागची चाकं दगडात रुतलेली, बॉनेट उघडं, इंजिन जाम. दार उघडं आणि आत कुणी नाही. खालच्या दरीत शोधायला माणसं उतरायची तयारी करत होती, तेवढ्यात खात्याच्या कार्यालयात वायरलेस वाजला आणि दाजींनी नेहमीच्या शांत आवाजात पाण्याची पातळी कळवली. पायी चढून गेले होते. इतर काही बोलले नाहीत. आठवड्याभरात पाऊस कोसळला, दरड आली आणि रस्ता बंद झाला.

खात्याच्या कारकुनाची स्कूटर मिस्त्रीकडेच असायची दुरुस्तीला. ताई त्याला येता-जाता विचारायची, "आकडा आला?"

"आला," तो म्हणायचा. त्याला वाटायचं, बिचारीला नवऱ्याची काळजी आहे. तिने त्याची समजूत कधी मोडली नाही. आकडा आला म्हणजे ते वर आहेत. ते वर आहेत म्हणजे इथे नाहीत. त्या भरवशावर ती त्या पावसाळ्यात झोपायला शिकली, दोन वेळा पोटभर जेवायला शिकली. एकदा मिस्त्रीने दुरुस्तीला आलेला टेम्पो मागे घ्यायला तिला दिला. तिने तो घेतला आणि गॅरेजच्या भिंतीला घासला. भिंत चुकीच्या जागी आहे, असं तो म्हणाला तेव्हा ती हसली. चिमणी आईला हसताना बघून आधी घाबरली, मग तीही हसायला लागली.

पाऊस उताराला लागला तेव्हा एका दुपारी कारकून आला आणि स्कूटर स्टँडला लावत म्हणाला, "आज आकडा नाही आला."

ताईचं यंत्र थांबलं.

"काल?"

"कालही नाही. बॅटरी उतरली असेल. साहेब म्हणतात, दरड काढली की माणसं पाठवू. पण चालत उतरायची पायवाट आता मोकळी झालीय म्हणे, गुराखी जायला लागलेत. काळजी करू नका, येतीलही ते खाली."

कारकून गेला. मिस्त्रीने गॅरेजचं शटर ओढायची लोखंडी सळई हातात घेतली. भर दुपार होती, बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. बायको आतून येऊन चिमणीच्या मागे उभी राहिली.

"राहू दे उघडं," ताई म्हणाली.

"ताई, निदान आज तरी—"

"बंद केलं तर तो तिथे आहे की नाही, तेच कळायचं नाही मला. रस्ता दिसू दे."

नवऱ्याला तिने अरेतुरे केलं, हे मिस्त्रीच्या लक्षात आलं, तिच्या बहुधा आलं नाही. त्याने सळई खाली ठेवली, जड पान्हा घेतला आणि तिच्या शेजारी एका टायरवर येऊन बसला. ताईने खुर्ची जराशी फिरवली, रस्ता समोर येईल अशी. मग सुईखाली कापड सरकवलं आणि यंत्र सुरू केलं. शिवण मात्र ती बघत नव्हती.